गाडी कशी असावी, हे कुणाला विचारलं?

मसुरेहून मालवणच्या बाजाराला सिक्स सीटरने जाताना आपण काय काय बोलतो, आठवा. पायरी उंच, म्हाताऱ्या आजीला दोघींनी धरून चढवायचं. माशांची टोपली नेमकी पायात. पावसात पडद्यातून पाणी आत. हे सगळं आपल्याला ठाऊक असतं, पण गाडी बनवणाऱ्यानं आपल्याला कधी विचारलेलं नसतं.

गाड्यांचा इतिहास बराचसा असाच आहे. आराखडा कंपनीच्या बंद खोलीत ठरायचा. बाहेरच्याला तिथे जागा नव्हती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली आपल्या हातानं छोटी, दोन माणसांची गाडी बनवली. तीच सुधारत सुधारत पुढे ‘मीरा’ झाली. बारा हजारांच्या आसपास ती विकायची त्यांची इच्छा होती. त्या काळी गाड्यांचा कारखाना काढायला सरकारी परवाना लागे, भांडवल लागे. मीरा बाजारात आलीच नाही. ऐकून आजही हळहळ वाटते.

मग इंटरनेट आलं. 1999 साली जर्मनीत मार्कुस मेर्त्स यांनी ‘ऑस्कर’ नावाची कल्पना मांडली: जगातल्या कुणीही आराखड्यात भर घालावी आणि आराखडा सगळ्यांचा असावा. पण पत्रा कापायला, चाचणी घ्यायला जागा आणि पैसा लागतो. ऑस्कर रस्त्यावर आली नाही.

अमेरिकेत ते जमलं. जे रॉजर्स यांनी 2007 साली ‘लोकल मोटर्स’ कंपनी काढली. लोकांनी घरबसल्या गाडीची चित्रं पाठवायची, इतरांनी पसंती कळवायची. त्यातून सांगहो किम या तरुणाचं चित्र निवडलं गेलं. बारीकसारीक भागांची रचना दुसऱ्यांनी सुचवली. इंजिन मात्र तयार आणलं. आपण गटात मसाला करतो ना, एकीनं मिरची भाजायची, दुसरीनं कुटायची, डबे बाहेरून आणायचे, तसंच. ‘रॅली फायटर’ ही वाळवंटात पळणारी दणकट गाडी तयार झाली. घेणारा स्वतः कार्यशाळेत जाऊन आपली गाडी जोडायला हात लावायचा! ती कंपनी 2022 च्या सुरुवातीला बंद पडली.

ब्राझीलमध्ये फियाटनं 2009 साली लोकांनाच विचारलं, शहरातली पुढची गाडी कशी हवी? सुमारे 160 देशांतल्या 17,000 लोकांनी 10,000 च्या वर सूचना दिल्या. त्यातून बनलेली ‘मिओ’ 2010 मध्ये साओ पाउलोच्या प्रदर्शनात ठेवली. ती नमुन्यापुरतीच राहिली. मला यात एक खटकतं. सूचना लोकांच्या, पण कोणती घ्यायची ते कंपनीनं ठरवायचं. आणि ज्या बाईकडे संगणक नाही, तिची उंच पायरी त्या सूचनांत येणार कुठून?

बायांना मुद्दाम विचारल्याचं एक उदाहरण त्याआधीचं आहे. 2004 साली स्वीडनच्या व्होल्वो कंपनीत फक्त स्त्रियांच्या तुकडीनं एक गाडी आखली. डोकं टेकायच्या उशीला त्यांनी मधे खाच ठेवली, केस मागे बांधलेले असले तरी मान अवघडू नये म्हणून. पर्स ठेवायला हाताशी जागा केली. पेट्रोलच्या टाकीला फिरवायचं झाकणच ठेवलं नाही. ही गाडीसुद्धा विक्रीला आली नाही. झाकणाविना टाकी मात्र पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत दिसू लागली.