नांदगावची कोष्टके

मंडळी, अलिबागहून मुरूडकडे निघालात, की रेवदंडा मागे पडतो, काशीदचा लांबलचक किनारा लागतो आणि मग नांदगाव येते. नारळी-पोफळीच्या वाड्या, गणपतीचे देऊळ, पुढे समुद्र. पाचशे वर्षांपूर्वी इथल्या बापलेकांनी जे गणित मांडले, त्यावर महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकातल्या कितीतरी घरांतल्या एकादश्या पिढ्यान्‌पिढ्या ठरत आल्या. बापाचे नाव केशव दैवज्ञ, मुलाचे गणेश दैवज्ञ. जुन्या ग्रंथांत त्यांच्या गावाचे नाव नंदिग्राम असे येते. ते हेच नांदगाव, असे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या १८९६ सालच्या ग्रंथात सांगितले आहे. (दीक्षितही मुरूडचे, पण ते मुरूड दापोलीकडचे, जंजिऱ्याचे नव्हे.)

त्या काळच्या गावजोशाची अडचण काय होती ते आधी बघा. सिद्धांतग्रंथांच्या रीतीने ग्रह काढायचा, तर कलियुगाच्या आरंभापासून किती दिवस गेले ते मोजायचे. गणेशाच्या वेळी ही संख्या सोळा लाखांच्या वर गेली होती. तिला मोठमोठ्या आकड्यांनी गुणायचे, भागायचे. मग ज्या आणि चाप यांची किचकट रीत. एक आकडा चुकला की ग्रह भलत्याच राशीत जाऊन बसायचा.

गणेशाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात अकरा वर्षांचे एक चक्र धरले, त्याचे दिवस ४०१६. ग्रंथारंभी कोणता ग्रह कोठे होता ते आकडे तयार दिले, एका चक्रामागे त्यात किती फरक पडतो तेही तयार दिले. जोशाने मोजायचे ते चालू चक्रातले दिवस. चार हजारांच्या थोडे पुढे गेले की पुन्हा एकापासून. ज्या-चापांची कटकटच काढून टाकली. पाच वर्षांनी, शके १४४७ मध्ये, त्याने ‘तिथिचिंतामणि’ केला, आणि ती तर नुसती कोष्टके. कोष्टकातला आकडा उचला, बेरीज-वजाबाकी करा, वर्षाच्या तिथी, नक्षत्रे, योग हातात आले!

आता खरा प्रश्न इथे निघतो. साधन करणाऱ्याने रीत सांगून थांबावे, की तयार साचाही सोबत द्यावा? आणि दिला, तर पुढे तो सांभाळायचा कोणी?

हा प्रश्न जुना झालेला नाही बरे का. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारेही नवे काम कोऱ्या पाटीवर सुरू करीत नाहीत; साधनाबरोबर आलेला तयार सांगाडा घेतात आणि त्यात आपले काम भरतात. फेसबुक कंपनीतल्या मंडळींनी २०१६ साली आपल्या ‘रिअ‍ॅक्ट’ या साधनासाठी असा एक सांगाडा काढला. जगभर तो चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या साधनाच्या चालकांनीच जाहीर केले, की नवे काम यावर सुरू करू नका. त्याची देखभाल करणारे आता कोणी नाही. नऊ वर्षे झाली नव्हती. नांदगावचा साचा साडेतीनशे वर्षे चालला, पण दुखणे तेच.

साचा देऊच नये, असे म्हणणारे आहेत. त्यांचे म्हणणे, रीत शिकवा, आकडे ज्याचे त्याने काढावेत. मला हे पटत नाही. तसे झाले असते तर दर दहा गावांना एक निराळे पंचांग झाले असते. साचा द्यावाच. पण साच्यावर तारीख असते, हे विसरू नये. रीत सावकाश जुनी होते, आकडे लवकर.

गणेशाला हे ठाऊक होते. त्याने रवी घेतला सूर्यसिद्धांताचा. चंद्रही त्याचाच, पण नऊ कला कमी करून. गुरू आर्यपक्षाचा. शनीही आर्यपक्षाचा, पण त्यात पाच अंश मिळवून. शुक्राचे केंद्र तर आर्य आणि ब्रह्म या दोन पक्षांच्या अधले-मधले धरले. पाच अंश म्हणजे किती? पौर्णिमेची दहा चंद्रबिंबे शेजारी शेजारी मांडा, तेवढे. रात्री अंगणात उभे राहून शनी पाहिल्याशिवाय असा आकडा कोणी घालीत नाही. बापाची शिकवणच तशी होती. केशवाने शके १४१८ मध्ये ‘ग्रहकौतुक’ केला. जुन्या ग्रंथांचे ग्रह आकाशाशी जुळत नाहीत, तेव्हा पुढच्या गणकांनी ग्रहांच्या युती आणि उदयास्त पाहून नवे ग्रंथ करावेत, असे त्याने आपल्या ग्रंथावरच्या टीकेत स्पष्ट लिहून ठेवले. साच्याबरोबर तो दुरुस्त करण्याची मोकळीकच त्याने दिली म्हणा ना.

पुढे काय झाले? टीकाकारांनी श्लोक उलगडले, उदाहरणे सोडवून दाखवली. त्यांचे उपकार मानायला हवेत. पण आकडे बहुतेक तसेच राहिले. सूर्यसिद्धांताचे वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षापेक्षा सुमारे साडेआठ पळांनी, म्हणजे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे वाटेल. १५२० पासून १८६५ पर्यंतची ३४५ वर्षे घ्या आणि गुणा. जवळजवळ वीस तास होतात!

१८६५ हे साल मुद्दाम घेतले. नांदगावच्या उत्तरेला, अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. पोरवयातच ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत कामाला लागले, पुढे पुण्यास प्राध्यापक झाले. टिळक त्यांचे विद्यार्थी. युरोपातल्या नव्या ग्रंथांच्या आधाराने त्यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली, आणि आबासाहेब पटवर्धनांच्या पाठिंब्याने शके १७८७ पासून, म्हणजे १८६५ पासून, पटवर्धनी पंचांग सुरू केले. आकडे आकाशाशी जुळणारे, तरी लोकांनी ते लगेच उचलले नाही. घरोघरी प्रश्न एकच: एकादशी आमची आज आणि यांची उद्या, हे कसे? हा वाद १९०४ साली मुंबईच्या परिषदेत आणि १९२० साली सांगलीच्या परिषदेत घोळला गेला. लोकांना हट्टी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण साडेतीनशे वर्षांचे साचलेले अंतर एका पाडव्याला कापायचे, तर कोणीही दचकेल. दर पन्नास वर्षांनी थोडे थोडे कापले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

इंग्रज दर्यावर्दींची व्यवस्था निराळी. त्यांचे ‘नॉटिकल अल्मनॅक’ १७६७ या वर्षासाठी पहिल्यांदा निघाले आणि तेव्हापासून दरसाल नवे निघते. रीतही त्या कचेरीची, कोष्टकेही तिचीच. मेघनाद साहा यांच्या समितीनंतर आपल्याकडे १९५७ पासून राष्ट्रीय पंचांगाची सोय झाली तीही याच वळणाची. माणूस गेला तरी कचेरी मागे राहते, हा त्यातला फायदा.

आपल्या कोळी बांधवांचा साचा मात्र कोणत्याच कचेरीचा नाही. तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि उधाण. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. तिथी चार तासांनी चुकली तरी भरतीच्या वेळेत सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. शिवाय समुद्र रोज दोनदा उत्तर तपासून देतो. म्हणून या साच्याला टीकाकार लागला नाही.

गुरुजी, किनाऱ्यावरच्या शाळेत हा हिशेब पंधरा दिवस फळ्यावर लिहून पाहा. एका रकान्यात पाऊणपट, दुसऱ्यात मुलांनी धक्क्यावर पाहिलेली वेळ. कुंडलिकेच्या किंवा राजपुरीच्या खाडीत आत शाळा असेल, तर भरती उशिरा येईल. किती उशिरा, तो आकडा मुलांनाच काढू द्या, आणि तारखेसह लिहून ठेवा.