हुकूमनाम्यावाचून बजावणी
घाटंजीच्या मुलास रणजी करंडकात खेळण्याची आकांक्षा असेल, तर त्याला यवतमाळमार्गे नागपुरास विदर्भ क्रिकेट संघटनेच्या दारी जावे लागते. आणि त्याच संघटनेविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागायची झाली, तरी पायऱ्या चढायच्या त्या नागपूर खंडपीठाच्याच. निजामाचा वऱ्हाड मुलूख कायमच्या पट्ट्याने घेऊन इंग्रजांनी 1903 साली मध्यप्रांतास जोडला, आणि पुढे रणजी स्पर्धेतही मध्यप्रांत-वऱ्हाड असाच संघ उतरला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर, 1957-58 च्या हंगामात, विदर्भाचे नाव प्रथम त्या यादीत आले.

खेळाची आणि न्यायाची हद्द अशी एकच असली, तरी बजावणीची रीत निराळी. दिवाणी दाव्यात हुकूमनामा पदरात पडला तरी बजावणीची दरखास्त पुन्हा वेगळी द्यावी लागते, आणि तिच्यापायी पक्षकाराची उमेद संपते, हे तालुक्याच्या कोर्टात वावरलेल्या कोणासही सांगावयास नको. क्रीडासंघटनांना मात्र ही यातायात क्वचितच पडली. खेळाडूची नोंदणी नाकारली, संस्थेची संलग्नता काढली, की निर्णय आपोआप अमलात येतो. परदेशी लवादाच्या निवाड्यांसाठी 1958 चा न्यूयॉर्क करार आहे खरा. परंतु तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या मल्ल नरसिंग यादवांवर आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने उत्तेजकप्रकरणी 18 ऑगस्ट 2016 रोजी रिओत चार वर्षांची बंदी घातली, तेव्हा तिच्या अंमलासाठी भारतातील एकाही न्यायाधीशाची सही लागली नाही. इतकी निरंकुश सत्ता संस्थानिकांनाही नव्हती!

उलटा प्रवाह वाहू लागला तो भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या बाबतीत. मंडळ हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली तीन विरुद्ध दोन मतांनी ठरविले, तरी उच्च न्यायालयाचा दरवाजा त्याने खुला ठेवला. त्याच दरवाजाने आलेल्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये मंडळाची आयपीएल सट्टेबाजीवरील चौकशी समिती बेकायदा ठरविली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या सुधारणेसाठी लोढा समिती नेमली, आणि त्याच्या 18 जुलै 2016 च्या निकालाने मंडळात एका राज्यास एकच मत ही तिची शिफारस मान्य झाली. आता बजावणी न्यायालयाच्याच गळ्यात पडली: मंडळ जुमानेना, तेव्हा 2 जानेवारी 2017 रोजी अध्यक्ष व सचिव यांना पदच्युत करावे लागले.

एका मताच्या त्या नियमाने महाराष्ट्र, मुंबई व विदर्भ यांना आळीपाळीने मत द्यावे लागले असते. सरहद्दीच्या हिशेबाने इतिहास पुसता येत नाही, हे ओळखून न्यायालयाने 9 ऑगस्ट 2018 रोजी तिघांचे पूर्ण सदस्यत्व परत दिले. विदर्भाने त्यापूर्वी सात महिने, 1 जानेवारीस, इंदूरला दिल्लीस हरवून पहिला रणजी करंडक जिंकला होता.