शेरिल ग्रिमर प्रकरण : गर्दीच्या किनाऱ्यावरून तीन वर्षांची मुलगी गेली कुठे?

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात, वोलाँगाँग शहरातील फेअरी मेडो समुद्रकिनाऱ्यावरून १२ जानेवारी १९७० रोजी शेरिल ग्रिमर ही तीन वर्षांची मुलगी बेपत्ता झाली. कुटुंब इंग्लंडहून येऊन इथं स्थायिक झालं होतं.

नेमकं काय घडलं? दुपारी वारा सुटला, तशी आईने चारही मुलांना किनाऱ्यावरच्या न्हाणीघराकडे पाठवलं. शेरिल बाहेर यायला तयार होईना, म्हणून थोरला भाऊ आईला बोलवायला गेला. तेवढ्यात ती नाहीशी झाली. मोठी शोधमोहीम राबवली, पण हाती काही लागलं नाही.

१९७१ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलाने तिला मारल्याची कबुली पोलिसांना दिली. तपशील जुळत नाहीत म्हणून पोलिसांनी ती बाजूला ठेवली. २०११ मध्ये कोरोनर न्यायालयाने शेरिल मरण पावल्याचा निष्कर्ष काढला आणि तपास पुन्हा सुरू झाला. २०१७ मध्ये त्याच कबुलीवरून साठी ओलांडलेल्या एका इसमाला अटक झाली. त्याने आरोप नाकारला.

पण खटला उभाच राहिला नाही. जबाब घेताना अल्पवयीन मुलासोबत पालक किंवा दुसरं कुणी मोठं माणूस नव्हतं, म्हणून २०१९ मध्ये न्यायाधीशांनी ती कबुली पुराव्यातून वगळली. सगळी भिस्त तिच्यावरच होती, त्यामुळे सरकारी पक्षाने खटला मागे घेतला.

२०२० मध्ये माहिती देणाऱ्यास १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. आई-वडील उत्तर न मिळताच वारले. भावंडांचा पाठपुरावा मात्र थांबलेला नाही.