अणुभट्टीचे शीतन

अणुइंधनाच्या विखंडनातून निर्माण होणारी उष्णता भट्टीच्या गाभ्यातून सतत वाहून नेण्याच्या प्रक्रियेस अणुभट्टीचे शीतन म्हणतात. ही उष्णता वाहून नेणारा पदार्थ म्हणजे शीतक. साधे पाणी, जड पाणी, द्रवरूप सोडियम, कार्बन डायऑक्साइड यांचा शीतक म्हणून वापर झाला आहे. वीजनिर्मिती केंद्रात शीतन ही केवळ सुरक्षेची तजवीज नसते. शीतकाने आणलेल्या उष्णतेवरच टर्बाइन फिरते.

शीतनाच्या रीती

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे दोन रीती एकाच आवारात आढळतात. १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन भट्ट्यांची रचना अशी, की पाणी गाभ्यातच उकळते व त्याची वाफ टर्बाइनकडे जाते. तिसऱ्या व चौथ्या भट्टीतील जड पाणी मात्र उच्च दाबामुळे सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापूनही द्रवरूपच राहते. ते बाष्पजनित्राच्या नळ्यांतून वाहते आणि नळ्यांबाहेरील साध्या पाण्याची वाफ होते. वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याने निववून तिचे पुन्हा पाणी केले जाते. एकूण उष्णतेपैकी जवळजवळ दोनतृतीयांश भाग असा बाहेर टाकावा लागतो.

अवशिष्ट उष्णता

‘भट्टी बंद केली’ हा शब्दप्रयोग काहीसा फसवा आहे. नियंत्रक दांड्यांनी विखंडन थांबते, परंतु इंधनात साठलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचा क्षय चालूच राहतो. बंद होताच भट्टीची उष्णता पूर्ण क्षमतेच्या सुमारे ६ ते ७ टक्के, तासाभराने दीड टक्का व दिवसानंतर अर्धा टक्का असते. प्रमाण अल्प दिसले, तरी पाणी न मिळाल्यास तेवढी उष्णता गाभा वितळवण्यास पुरेशी ठरते.

उत्तर प्रदेशातील नरोरा येथे ३१ मार्च १९९३ रोजी टर्बाइनची पाती तुटून आग लागली. विद्युत तारा जळाल्याने पहिल्या भट्टीचा वीजपुरवठा सुमारे १७ तास पूर्णतः खंडित झाला. शीतकाचे पंप थांबले. कर्मचाऱ्यांनी अग्निशमनाच्या डिझेल पंपांनी बाष्पजनित्रांत पाणी सोडले. गाभ्यात तापलेले जड पाणी आपोआप वर चढून बाष्पजनित्रात निवत होते आणि पुन्हा खाली उतरत होते. या नैसर्गिक अभिसरणामुळे इंधन सुरक्षित राहिले.

जपानमधील फुकुशिमा दाइइची येथे ११ मार्च २०११ रोजी भूकंप होताच चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. त्यानंतर आलेल्या त्सुनामीने मात्र त्यांची आपत्कालीन डिझेल जनित्रे निकामी केली. शीतन खंडित झाले आणि पुढील काही दिवसांत तिन्ही गाभे वितळले.