बुळकांडी ते लम्पी : गोठ्यातल्या साथींचा इतिहास

१/ नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला नरखेड तालुका आहे. एका अंगाला वरूड, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेशातील पांढुर्णा. संत्र्याच्या बागांचा आणि गवळाऊ बैलांचा हा मुलूख. अशा सीमाभागात गुरे एका बाजारातून दुसऱ्या बाजारात जातात, आणि त्यांच्या पावलांबरोबर रोगही जातो.

२/ जुना शत्रू होता बुळकांडी. तीव्र ताप, तोंडात व्रण, मग हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर गतप्राण. ज्या कळपाला हा रोग पूर्वी शिवलेला नसे, तिथे दहापैकी नऊ जनावरेही दगावत. पेरणीच्या तोंडावर बैल गेला की शेत पडीक राही. गुरांची साथ ही माणसांच्या उपासमारीची नांदी ठरे.

३/ १८६८ साली सरकारने गुरांच्या साथींच्या चौकशीसाठी आयोग नेमला. १८७१ मध्ये त्याचा अहवाल आला. विषाणू ही कल्पना तेव्हा जन्मलेलीच नव्हती. आजारी जनावर कळपातून वेगळे काढणे, एवढाच खरा उपाय हाती होता.

४/ ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात ‘इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ सुरू झाली. घातक रोगजंतूंवर काम करायचे तर वस्ती दूर हवी, म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख तेथे येऊन गेले.

५/ मुक्तेश्वरलाच १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत पुनःपुन्हा नेला. होता होता तो गुरांसाठी सौम्य झाला आणि त्यातून लस मिळाली. १९५४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय निर्मूलन मोहिमेचा आधार हीच लस होती.

६/ भारतातील अखेरचा रुग्ण १९९५ मध्ये आढळला. २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. देवीनंतर मानवाने समूळ नष्ट केलेला हा दुसरा रोग, आणि जनावरांमधला पहिला.

७/ हे यश कशामुळे? हा विषाणू जनावराच्या शरीराबाहेर फार टिकत नसे. तो पसरे तो मुख्यतः निकट संपर्कातून. बरे झालेले जनावर जन्मभर सुरक्षित राही. लस आणि वाहतूकबंदी यांनी साखळी तुटली.

८/ लम्पीची रीत वेगळी. १९२९ साली आजच्या झांबियात प्रथम दिसलेला हा त्वचारोग २०१९ मध्ये ओडिशात पोहोचला. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड तो वाहून नेतात. गाठींच्या वाळलेल्या खपल्यांतही विषाणू दीर्घकाळ तग धरतो. कुंपण गुराला अडवते, माशीला नाही.

९/ २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून साथ पसरू लागली. सप्टेंबरमध्ये संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र घोषित झाले. गुरांचे बाजार थांबले. बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या परिघात लसीकरणाचे धोरण ठरले. लस होती शेळ्यांच्या देवीवरची, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. शंभर वर्षांत शेळी दुसऱ्यांदा गुरांच्या मदतीला आली.

१०/ नरखेडच्या शेतकऱ्यापुढे म्हणून आज दुहेरी काम आहे. नवे जनावर काही दिवस वेगळे बांधणे आणि वेळेवर लस, ही बुळकांडीने शिकवलेली शिस्त. शेणाचा उकिरडा दूर ठेवणे, पाणी साचू न देणे, गोचिडांचा नायनाट, ही लम्पीने घातलेली भर. पहिली शिस्त जग जिंकून गेली; दुसरीची परीक्षा प्रत्येक पावसाळ्यात गोठ्यागोठ्यात होते.