नाममुद्रेविना चेहरा

रे रोड स्थानकाच्या पाटीवर ज्याचं नाव आहे तो लॉर्ड रे हेगमध्ये जन्मला, पुढे ब्रिटिश सरदार झाला आणि १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. हार्बर मार्गाचा पहिला टप्पा १२ डिसेंबर १९१० रोजी कुर्ल्याहून इथवर आला; व्हीटीपर्यंत गाडी पोचायला १९२५ साल उजाडलं. स्थानकाबाहेरची वस्ती मात्र स्वतःला घोडपदेव म्हणवते, आणि गोदीकडे उतरलं की दारूखाना लागतो. एकाचं नाव दुसऱ्याच्या जागेवर लावलं की वाद आज ना उद्या होतोच. नावापेक्षा चेहरा अवघड, कारण चेहरा पाहिला की माणूस बोलतोय असं वाटतं. रे रोडपासून लालबाग-परळपर्यंतच्या या गोदी-गिरण्यांच्या पट्ट्यातला कामगार शाहिरांचा हक्काचा श्रोता होता. थोरामोठ्यांचं नाव आणि रूप गाण्याच्या माथ्यावर ठेवण्याची शाहिरी रीत त्याला चांगली ठाऊक होती. या रीतीच्या इतिहासात जी शिस्त होती, ती मोडली की काय होतं, हे पाहायला अटलांटिकपलीकडचं एक प्रकरण उपयोगी पडतं.

तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने व्हायची. सत्यशोधक जलशाने गण ठेवला, पण गणपतीचा अर्थ गणांचा पती, म्हणजे लोकांचा पुढारी, असा लावला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंनी आपल्या गणात मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन केलं. ही साधी अदलाबदल नव्हती. देवाची जागा रिकामी करून तिथे माणूस बसवणं म्हणजे श्रोत्याला 'आता तुझा कैवारी हा' असं सांगणं. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशापासून वामनदादा कर्डकांच्या गाण्यांपर्यंत ती जागा बाबासाहेबांकडे आली आणि १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांच्या शेजारी बुद्ध आले.

या साऱ्या परंपरेत वंदन कुणालाही असो, शब्दांची जबाबदारी मात्र उघड असते. शेवटच्या कडव्यात शाहीर आपली नाममुद्रा घालतो. वामनदादांच्या गाण्यात भीम आभाळाएवढा असतो, पण सांगणारा 'वामन' असतो. हे भीमाचे नव्हे, भीमाविषयीचे शब्द आहेत, हे श्रोत्याला आपोआप कळतं. अण्णाभाऊंनी याच जाणिवेने आणखी एक गोष्ट केली. १९५९ ची 'फकिरा' कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अर्पणपत्रिकेत माणसाच्या मूर्तीऐवजी लेखणी यावी, हा तपशील मला फार बोलका वाटतो. एका लेखकाने दुसऱ्याचं ऋण मान्य केलं ते त्याच्या लिहिण्यापाशी थांबून, त्याच्या चेहऱ्याआड उभं राहून नव्हे.

आता ते पलीकडचं प्रकरण. मार्च २०१७ मध्ये इंग्रज गायक मॉरिसी याच्या नावाने एक टीशर्ट विकायला आला. त्यावर जेम्स बाल्डविनचा चेहरा होता आणि भोवती मॉरिसीच्या जुन्या 'द स्मिथ्स' या बँडच्या १९८६ मधल्या एका गाण्याचे शब्द. काळे कपडे आणि मनातला काळोख यांची सांगड घालणारी ती ओळ. बाल्डविन हा हार्लेममध्ये २ ऑगस्ट १९२४ रोजी जन्मलेला कृष्णवर्णीय लेखक. त्याच्या अपुऱ्या लिखाणावरून राऊल पेकने केलेला माहितीपट नुकताच अमेरिकेत लागला होता. टीकेची झोड उठली. चाहत्यांचा बचाव असा, की मॉरिसी बाल्डविनचा जुना भक्त आहे आणि आवरणावर लेखक छापणं ही तर स्मिथ्सची जुनीच खोड. १९८५ च्या एका तबकडीवर ट्रुमन कपोटी होताच.

हा बचाव अगदीच पोकळ नाही. कपोटीच्या छायाचित्राने कुणी चिडलं नाही, मग बाल्डविनच्याच का? उत्तर चेहऱ्यात नाही, त्या ओळीत आहे. 'काळा' हा शब्द बाल्डविनसाठी गुलामगिरीपासून चालत आलेला कातडीचा इतिहास होता. गाण्यात तो खिन्न मनाचा रंग आहे. टीशर्टने दुसरा अर्थ पहिल्याच्या तोंडी घातला, आणि नाममुद्रा नसल्याने पाहणाऱ्याला वाटलं, बाल्डविनच बोलतोय. कपोटीच्या आवरणावर बँडचं आणि गाण्याचं नाव होतं; तिथे चेहरा केवळ चेहरा राहिला.

कुणी म्हणेल, मग शिवछत्रपतींना कामगारांच्या गणात आणणं हेही तोंडी शब्द घालणंच झालं. काही अंशी खरं आहे. सतराव्या शतकातल्या राजाला लाल बावट्याविषयी काय वाटलं असतं, याला पुरावा नाही. पण अण्णाभाऊंनी वंदन केलं, राजाच्या तोंडी घोषणा दिली नाही. पुढचा वग कुणाचा आहे हे साऱ्या मैदानाला माहीत होतं. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: शब्द कुणाचे ते दाखवायची इतकी काटेकोर अट घातली तर थोरांची चित्रं घरात आणि संग्रहालयातच राहतील. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत बाबासाहेब पोचले ते जलशातून, पुढे ध्वनिमुद्रिका आणि कॅसेटमधून, आणि कॅसेटच्या वेष्टनावर त्यांचा फोटो होता म्हणूनच ती ओळखू यायची. हे नाकारून चालणार नाही. म्हणून अट चित्रावर नाही, सहीवर आहे. आणि या बाबतीत कॅसेटचा धंदा निर्दोष नव्हता. वेष्टनावर बाबासाहेब मोठे, त्याखाली गायक मोठा, आणि गीतकार बारीक टाइपात, कधी मुळीच नाही. सादर करताना शेवटचं कडवं गळलं की 'वामन' हे नावही गळायचं. मॉरिसीच्या टीशर्टवर लिहिणाऱ्याची सही नव्हती. आपल्याकडे ती होती, आपणच कापली.