हरणाच्या दाढेवरून वय

बैलबाजारांत गेलेला शेतकरी प्रथम जनावराचें तोंड उघडून पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला, या पायऱ्या आमच्या तलवाड्याच्या मुलांनाहि पाठ असतात. परंतु मातींत शेंकडों वर्षें पुरलेल्या हरणाच्या जबड्यांतून हे पुढचे दांत बहुधा गळून गेलेले असतात. उरतात त्या दाढा. त्यांवरूनच वय वाचावें लागतें.

खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूस सहा दाढा असतात. पाडसाची पुढून तिसरी दाढ दुधाची असून तिला तीन कंगोरे असतात. ती पडून दोन कंगोऱ्यांची कायमची दाढ येते. अमेरिकेंतील पांढऱ्या शेपटीच्या हरणांत हा बदल सुमारें दीड वर्षाच्या वयांत होतो. त्याच हरणांच्या दाढांची पायरीवार मांडणी सेव्हरिंगहॉस यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केली. येथपर्यंत हिशेब चोख. पुढें मात्र झीज हाच आधार. दाढेवरील पांढरें कवच कठीण, आंतील तपकिरी भाग मऊ. चारा चघळतां चघळतां कवच झिजतें आणि तपकिरी पट्टी रुंद होत जाते.

मी शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यानें ओढ्याकांठचा एक जबडा वर्गांत आणला. दाढा गुळगुळीत पाहून "दहा वर्षांचें हरिण" असें मीं ठासून सांगितलें. (१९७२ च्या कायद्यान्वयें काळविटाचें हाड जवळ बाळगतां येत नाहीं, हेंहि मला तेव्हां आठवलें नाहीं.) तसें सांगण्याचा मला अधिकार नव्हता. जेथें गवतावर रेती व धूळ अधिक, तेथें दाढ लवकर झिजते. शिवाय काळवीट हा कुरंग. त्याचीं शिंगें आयुष्यभर टिकतात, चितळाचीं गळून पुन्हां येतात. दोघांना अमेरिकेच्या हरणाचें माप लावणें धोक्याचें.

या चुकीचें वजन इनामगांवीं कळतें. पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलें. इ. स. पूर्व सुमारें १६०० ते ७०० या काळांतील शेतकऱ्यांची ती वस्ती. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोंपड्या आल्या, शेती खालावली, आणि लोक मेंढ्याबकऱ्या व शिकार यांवर अधिक विसंबूं लागले. पाऊसमान घटल्यामुळें हें झालें असावें, असें म. के. ढवळीकर यांनीं मांडलें. १९७२ चा दुष्काळ लहानपणीं पाहिलेल्या माझ्यासारख्याला हें चटकन् पटतें. म्हणूनच मी स्वतःस सावध करतों.

एका जबड्यानें कांहीं ठरत नाहीं. ढिगांतील सर्व जबडे वयोगटांत मांडावे लागतात. गुरांत कोवळीं अधिक मारलेलीं दिसलीं तर मांसासाठीं पाळणूक. म्हातारीं अधिक दिसलीं तर औत व दूध, असा तर्क करतां येतो. म्हातारें जनावर दोन वर्षांनीं चुकलें तरी त्याचा गट सहसा बदलत नाहीं. पाडसाच्या जबड्यावरून मात्र शिकारीचा महिना काढूं पाहतात, आणि तेथें सहा महिन्यांची चूक झाली तर पावसाळ्याचा उन्हाळा होतो. त्यांतून काळविटाला पाडसें बारमास होतात. तेव्हां त्याच्या जबड्यावरून महिना काढण्याच्या खटपटींत मी तरी पडणार नाहीं.